यांत्रिक आणि विद्युतचुंबकीय तरंग: घरी आणि शाळेत तुलना कशी करावी

नववीपासून बारावीपर्यंत हा फरक दोन रकान्यांत लिहायला लावतात. एकाला माध्यम लागतं, दुसऱ्याला लागत नाही. एक सावकाश, दुसरा वेगवान. रकाने पाठ होतात, पण विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी ‘हे तुला कसं कळलं?’ असं विचारलं की उत्तर सुचत नाही. पुढचे प्रयोग त्या प्रश्नासाठी आहेत. बहुतेक सामान स्वयंपाकघरातलं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून फक्त काचेचा चंबू आणि तो धरायचा स्टँड लागेल.

प्रत्येक प्रयोगात एकच गोष्ट विचारायची: हलतंय काय? यांत्रिक तरंगात पदार्थाचे कण हलतात, मग ते हवेचे असोत, पाण्याचे, दोरीचे किंवा खडकाचे. विद्युतचुंबकीय तरंगात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होत पुढे जातं; त्याला कण लागत नाहीत. खरे फरक यातूनच निघतात. वेग, तरंगलांबी, कोपऱ्यावरून वळणं, अवतरंग (कंपन तरंगाच्या दिशेला आडवं) की अनुतरंग (कंपन तरंगाच्याच दिशेत मागे-पुढे), यांतले काही मुद्दे फरक म्हणून लिहिले जातात खरे, पण तपासून पाहिल्यावर ते फरक उरत नाहीत.

रेडिओ आणि स्टीलचा डबा

वेळ कमी असेल तर एवढा एकच प्रयोग करा. एकाच रेडिओत विद्युतचुंबकीय रेडिओतरंग येतो आणि त्यातून यांत्रिक ध्वनितरंग बाहेर पडतो; डबा त्यांतला एकच अडवतो.

साहित्य: सेलवर चालणारा, चकती फिरवून स्टेशन लावायचा छोटा एफएम रेडिओ, तो पूर्ण मावेल असा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा (भांडी बाजारात हवा तो आकार मिळतो, रेडिओ सोबत नेऊन माप बघा), तेवढाच प्लास्टिकचा डबा आणि एक सुती रुमाल.

आकाशवाणी नाशिकचं १०१.४ मेगाहर्ट्झ लावा. अँटेना मिटवून आवाज मोठा करा आणि रेडिओ आधी प्लास्टिकच्या डब्यात ठेवून झाकण लावा. कार्यक्रम चालूच राहायला हवा. ही पायरी गाळू नका. ती नसेल तर ‘बंद केल्यामुळेच रेडिओ बिघडला असेल’ या शंकेला तुमच्याकडे उत्तर नसतं. मग रेडिओ रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा. रुमाल अशासाठी, की अँटेना धातूला टेकली तर डबाच अँटेनाचा भाग होतो. झाकण दाबून लावा.

कार्यक्रम जातो आणि खरखर सुरू होते. ही खरखर डब्याच्या बाहेर ऐकू येते, यातच सगळं आहे. बाहेरून येणारा रेडिओतरंग स्टीलने अडवला, कारण धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन त्याच्या विद्युत क्षेत्राला लगेच प्रतिसाद देऊन आत ते क्षेत्र जवळजवळ शून्य करतात. आतून बाहेर येणारा ध्वनी मात्र पत्र्याला थरथरवतो आणि पत्रा बाहेरच्या हवेला. डब्यावर हात ठेवा, थरथर बोटांना कळते.

एक गैरसमज इथेच काढून टाका. रेडिओतरंग म्हणजे ध्वनितरंग नव्हे. १०१.४ मेगाहर्ट्झच्या तरंगाची वारंवारता निवेदकाच्या आवाजाबरहुकूम किंचित कमी-जास्त केलेली असते. ध्वनी तयार होतो तो तुमच्या रेडिओच्या स्पीकरमध्ये.

बिघडतं कुठे? आकडे दाखवणारे काही डिजिटल रेडिओ सिग्नल गेला की खरखर दाबून गप्प होतात. तसं झालं तर बघणाऱ्याला वाटतं, डब्याने आवाजही अडवला. म्हणून चकतीचा रेडिओ सांगितला. इअरफोनची वायर झाकणातून बाहेर काढली तर तीच अँटेना होते आणि कार्यक्रम सुरू राहतो. प्रक्षेपण केंद्राजवळ सिग्नल फार जोरदार असतो, तिथे झाकणाच्या कडेवर फॉइलची पट्टी दाबून बसवा.

आता त्याच डब्यात मोबाईल ठेवा, वायफाय बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. बऱ्याचदा तो वाजतो! एफएम अडला आणि मोबाईल का नाही? फटीतून तरंग निसटतो की नाही हे फटीच्या रुंदीपेक्षा तिच्या लांबीवर ठरतं. फट अर्ध्या तरंगलांबीएवढी किंवा त्याहून लांब असेल तर ती स्वतःच अँटेनासारखी वागते. १५ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याचा घेर सुमारे ४७ सेंटिमीटर असतो आणि झाकण कडेला मोजक्या ठिकाणीच नीट टेकलेलं असतं. १०१.४ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.९६ मीटर, तिची निम्मी जवळपास दीड मीटर. ४७ सेंटिमीटरची फट तिला अपुरी पडते. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल तरंगाची निम्मी लांबी ८.३ सेंटिमीटर, तो आरामात आत शिरतो.

प्रेशर कुकर घेतला तर हे आणखी ठळक होतं (गॅसपासून लांब, रिकाम्या, कोरड्या कुकरमध्ये). झाकण वाफ बाहेर जाऊ देत नाही, पण रबरी रिंगमुळे झाकण आणि भांडं यांच्यात घेरभर धातू तुटलेला असतो. हवाबंद म्हणजे तरंगबंद नव्हे. फोन कापडात गुंडाळून त्याभोवती ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर द्या, सगळ्या कडा एकावर एक दुमडून घट्ट दाबा आणि पुन्हा कॉल लावा; कॉल करणाऱ्याला संपर्क होत नसल्याचा संदेश ऐकू येतो. फॉइलमध्ये टाकण्याआधी गजर लावून ठेवा. कॉल पोहोचत नाही, पण गजर फॉइलमधून ऐकू येतो.

हवा काढून घेतली तर

ही उलट बाजू: इथे ध्वनी अडतो आणि प्रकाश जातो. रॉबर्ट बॉईल यांनी १६६० मध्ये निर्वात पंपाने हे दाखवलं होतं. शाळेत पंप आणि काचेची हंडी असेल तर तीच वापरा. नसेल तर चंबूत पाणी उकळून काम होतं, पण ते शिक्षकांसमोर, डोळ्यांना गॉगल आणि हातात जाड मोजे घालूनच.

चंबू गोल बुडाचा, बोरोसिलिकेट काचेचा, ५०० मिलिलिटरचा हवा. सपाट बुडाचा चंबू, बाटली, बरणी अजिबात चालणार नाही. आतला दाब उतरला की बाहेरची हवा सपाट काच आत ढकलून फोडू शकते. चरा किंवा तडा असलेला चंबूही बाजूला ठेवा. रबरी बुचाच्या खालच्या बाजूला तार टोचून हूक करा आणि त्याला मऊ सुती दोऱ्याने एकच घुंगरू टांगा. ते चंबूच्या मानेतून सहज जाणारं हवं आणि पोटाच्या मध्यावर लटकायला हवं.

आधी कोरड्या चंबूत बूच लावून हलवा आणि १० सेंटिमीटरवर ठेवलेल्या फोनवर आवाज नोंदवा. मग बूच काढून ५० मिलिलिटर पाणी घाला, चंबू स्टँडला पकडा आणि उकळू द्या. उकळी फुटल्यावर आणखी ३-४ मिनिटं वाफ जोरात बाहेर जाऊ द्या. तीच आतली हवा ढकलून नेते. आता ज्योत काढा आणि लगेच, वाफ अजून निघत असतानाच, बूच घट्ट बसवा. क्रम उलटा झाला, म्हणजे ज्योत चालू असताना बूच लावलं, तर ते उडेल किंवा काच फुटेल. उशीर झाला तर हवा परत आत येते आणि प्रयोग वाया जातो.

बूच नीट बसलं का हे तपासायला चंबू दोन मिनिटं निवल्यावर वरच्या भागावर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा. वाफेचं पाणी होतं, दाब उतरतो आणि ज्योत नसतानाही पाणी पुन्हा उकळायला लागतं. उकळलं नाही तर बूच गळतंय. नंतर पूर्ण थंड होऊ द्या.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथला हवेचा दाब साधारण ९४५ हेक्टोपास्कल असतो. २५ अंशांना बंद चंबूत उरते ती पाण्याची वाफ, ३२ हेक्टोपास्कल, म्हणजे तिसावा हिस्सा. आता चंबू हलवा. घुंगरू हलताना दिसतं, आवाज फार क्षीण येतो. चंबूच्या रिकाम्या भागाआड टीव्हीचा रिमोट धरून पलीकडून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहा: सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश जांभळट ठिपक्यासारखा दिसतो, हवा असताना दिसत होता तेवढाच.

एक शंका रास्त आहे: घुंगरू ओलं झाल्यामुळे तर आवाज बसला नसेल? म्हणून शेवटी बूच काढून हवा आत घ्या (अडकलं असेल तर चंबू कोमट पाण्यात धरला की सैल होतं), बूच परत लावा आणि तेच ओलं घुंगरू वाजवा. आवाज परत आला की ओलेपणाचा प्रश्न मिटला. जो थोडा आवाज विरळ वाफेतही येत होता, त्यातला बराचसा दोरा आणि बूच यांच्यातून येतो. दोऱ्याऐवजी तार वापरली तर तो वाढतो, हेही करून पाहण्यासारखं आहे.

वहीत मात्र ‘निर्वातात आवाज थांबला’ असं लिहू नका. चंबूत निर्वात झालेलाच नाही. विरळ वायूतूनही ध्वनी जातो. आवाज बसतो तो अशामुळे, की घुंगरू विरळ वायूला पुरेसं ढकलू शकत नाही आणि तो वायू काचेला. ‘माध्यम जितकं विरळ, तितकी कमी ऊर्जा पोहोचली’ हे तुम्ही खरोखर पाहिलेलं आहे, तेवढंच लिहा.

वेग: टाळी आणि पापड

ध्वनीचा वेग मोजायला स्टॉपवॉच नको. डोळ्याने पाहून बोट दाबायला ०.२ सेकंद सहज जातात. ३४० मीटरवरून ढोल मारला तरी ती एका सेकंदातली २० टक्के चूक झाली. दोन फोनवर फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातलं मोफत ॲप घ्या आणि त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच उघडा. फोन जमिनीवर बरोबर १० मीटरवर ठेवा. पहिल्या फोनजवळच्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात. दुसऱ्या फोनजवळच्याने वाजवली की दोन्ही थांबतात. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला २० मीटर जायला लागलेला वेळ. २० भागिले तो फरक, झाला वेग.

टाळी फोनच्या अगदी वर वाजवा. अर्धा मीटर बाजूला वाजवली तर उत्तर काही टक्क्यांनी चुकतं. सकाळी लवकर, मोकळ्या मैदानात करा. भिंतीजवळ प्रतिध्वनी आणि रस्त्याजवळ हॉर्न घड्याळ मध्येच थांबवतात. पाच वेळा करून सरासरी घ्या.

जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळी फरक ५९ मिलिसेकंदांच्या आसपास येतो (सेकंदाला ३३८ मीटर), मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारी ५६.५ (३५४ मीटर). दर अंशाला वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो. नाशिक उंचावर आहे, म्हणून वेग कमी येईल असं कुणी म्हणेल. तसं होत नाही. उंचीवर दाब आणि घनता एकाच प्रमाणात घटतात, त्यांचा परिणाम कटतो आणि उरतं ते तापमान. माध्यमाची अवस्था बदलली की वेग बदलतो, हा यांत्रिक तरंगाचा स्वभाव इथे आकड्यांत दिसतो. पाण्यात तोच ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो.

विद्युतचुंबकीय तरंगाला तेच १० मीटर जायला ३३ नॅनोसेकंद लागतात. कोणताही फोन ते मोजणार नाही. म्हणून वेग थेट न मोजता तरंगलांबी मोजायची. १८८७-८८ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनीही स्थिर तरंग (जाणारा आणि परावर्तित होऊन परतणारा तरंग मिळून जागच्या जागी उभा राहिलेला नमुना) उभे करून हाच मार्ग धरला होता. आपल्याकडे त्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हन आणि कच्चे उडदाचे पापड पुरतात.

ओव्हनमधली फिरणारी काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकांची रिंग काढा. थाळी फिरणार नाही अशा रीतीने मधल्या खुंटीवर काचेची उलटी वाटी ठेवून तिच्यावर मोठी सपाट काचेची ताटली ठेवा. तिच्यावर पापड एकमेकांना लागून पसरा. पूर्ण शक्तीवर १५ सेकंद चालवा, बघा, गरज पडली तर आणखी ५-५ सेकंद. पापड काही ठिकाणी फुलून पांढरे होतात, मधल्या पट्ट्या कच्च्या राहतात. सगळाच भाजला तर वेळ जास्त झाला. नवे पापड घ्या.

फुललेल्या दोन शेजारच्या ठिपक्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर, भिंतींना समांतर दिशेत, पाच-सहा ठिकाणी मोजा. हे अंतर अर्धी तरंगलांबी. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेली असते. वेग म्हणजे २ × अंतर × वारंवारता. अंतर ६.५ सेंटिमीटर आलं तर वेग सेकंदाला सुमारे ३१.९ कोटी मीटर निघतो. खरा आकडा २९,९७,९२,४५८ आहे. उत्तर बहुधा जास्तच येतं, कारण तरंग मोकळ्या जागेत नसून धातूच्या पेटीत सहा भिंतींवर आपटत असतात आणि त्यामुळे ठिपके ६.१ सेंटिमीटरपेक्षा लांब पडतात. आकडा ‘जुळवण्यासाठी’ सोयीचे ठिपके निवडू नका; चूक का आली हे सांगता येणं जास्त मोलाचं.

तरंगलांबी सारखी ठेवून तुलना

हा भाग पाठ्यपुस्तकात नसतो, आणि आमच्या मते खरी समज इथे येते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची तरंगलांबी सुमारे १२.३ सेंटिमीटर. हवेतल्या २८०० हर्ट्झच्या शिट्टीची तरंगलांबीही तेवढीच. म्हणजे लांबी सारखी, जात वेगळी.

राउटरशेजारी एक फोन ठेवून त्यावर टोन जनरेटर ॲपने २८०० हर्ट्झचा सूर लावा. दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद डेसिबलमध्ये दाखवणारं ॲप आणि आवाजाची पातळी दाखवणारं ॲप घ्या. राउटर २.४ वरच आहे ना, हे आधी बघा. आता शेजारच्या खोलीत जाऊन चार वाचनं घ्या: दार उघडं, लाकडी दार बंद, दारात ओली गोधडी टांगलेली, आणि दोन्ही उगमांच्या पुढ्यात लोखंडी कपाटाचं दार आडवं.

उघड्या दाराच्या कडेवरून दोघंही साधारण सारखे वळतात, कारण वळणं तरंगलांबीवर ठरतं. लाकडी दार लावलं की आवाज बराच पडतो, वायफाय थोडाच. ओल्या गोधडीने वायफायही चांगलाच घटतो. या वारंवारतेचा तरंग पाण्यात दोनेक सेंटिमीटरांतच बराचसा शोषला जातो. लोखंडाने वायफाय सर्वांत जास्त अडतो, पण भिंतींवरून परावर्तित होऊन थोडा पोहोचतो.

इथे घाई केली की आकडे वेडेवाकडे येतात. खोलीत स्थिर तरंग तयार होतात आणि फोन नुसता ३ सेंटिमीटर सरकवला तरी दोन्ही वाचनं एकदम बदलू शकतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी फोन मीटरभर जागेत हळूहळू फिरवत दहा वाचनं घेऊन सरासरी काढा. चाचणी चालू असताना दारात माणूस उभा नको. माणूसही बराचसा पाणीच.

हीच गोष्ट मोठ्या मापावर पाहायची तर मिरवणुकीच्या दिवशी जुन्या नाशकात दोन गल्ल्या सोडून उभे राहा. नाशिक ढोलाचा ठेका पोहोचतो, ताशाची कडकड तितकी पोहोचत नाही. ढोलाच्या १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या घरात, वाड्यांच्या कोपऱ्यांवरून वळायला पुरेशी. ताशाची काही सेंटिमीटर. जवळजवळ त्याच मापाचा, ३ मीटरचा एफएम तरंग त्या गल्लीत पोहोचतो आणि ६ सेंटिमीटरचा ५ गिगाहर्ट्झ वायफाय एका भिंतीआड मरगळतो. वळण्याचा नियम दोघांना एकच.

अवतरंग-अनुतरंगाचा घोळ

‘यांत्रिक म्हणजे अनुतरंग, विद्युतचुंबकीय म्हणजे अवतरंग’ असं सर्रास लिहिलं जातं. दुसरा अर्धा भाग मोकळ्या जागेपुरता बरोबर, पहिला चूक. ५ मीटर दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवून लांबच्या टोकाला बांधा. वर-खाली हलवली तर लाट गजांपलीकडे जाते, आडवी हलवली तर गजांशी थांबते. दोरीवरचा तरंग यांत्रिक आहे आणि अवतरंगही. आता ध्रुवण करणारा, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा (पोलराइज्ड) गॉगल कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरून फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो. (काही मोबाईलचे पडदे काळे होत नाहीत, त्यांच्यावर प्रकाशाचं ध्रुवण बदलणारा थर असतो, म्हणून कॅल्क्युलेटर.) हवेतल्या आवाजावर असा कुठलाच कोन चालत नाही. म्हणजे ध्रुवणाच्या चाचणीने अवतरंग ओळखता येतो, तो यांत्रिक आहे की नाही हे ओळखता येत नाही.

भूकंपात तर दोन्ही प्रकारचे यांत्रिक तरंग एकत्र निघतात. पृथ्वीच्या कवचात अनुतरंग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जातो, अवतरंग साडेतीन. १०० किलोमीटरवर दोघांच्या आगमनात १२ सेकंदांचा फरक पडतो आणि त्यावरून अंतर काढतात. नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेत धरण परिसरांतल्या भूकंपनोंदींचा असा अभ्यास होतो. शाळेला तिथे भेटीची परवानगी मिळाली तर दोन्ही तरंग नोंदीवर वेगवेगळे दाखवायला सांगा.

प्रदर्शनात मांडायचं असेल तर रेडिओ आणि स्टीलचा डबा पुढे ठेवा, भाजलेले पापड पट्टीसह पारदर्शक पिशवीत, आणि चंबूच्या प्रयोगाचं आवाजासह चित्रीकरण फोनवर. सभागृहात ज्योत लावू नका. टाळीचा प्रयोग गर्दीत चालत नाही, त्याच्या नोंदी तापमान आणि वेळेसह वहीत हव्यात. सभागृहाच्या लोखंडी छताखाली एफएम आधीच कमजोर असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी रेडिओ तिथे लावून बघा, खिडकीजवळचं टेबल मागून घ्या आणि सेल नवे घाला: सेल उतरले की खरखर इतकी मंदावते की डब्याबाहेर ऐकूच येत नाही.